बोटावरचा ऑक्सिमीटर: गरोदरपणात कितपत भरवशाचा?

फ्लू किंवा कोविड छातीत उतरला, तर गरोदर बाईच्या घरात रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं हे यंत्र हवंच. पण आकडा कडकपणे वाचायचा: ९५ च्या खाली गेला की घरी थांबायचं नाही. बाळाला ऑक्सिजन आईच्या रक्तातूनच मिळतो आणि गंभीर न्यूमोनियात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

पाच मिनिटं टेकून बसा, गार हात चोळून ऊबदार करा, मधल्या बोटाला चिमटा लावा. पहिला चमकलेला आकडा सोडून द्या. मिनिटभर स्थिर राहील तो लिहा. नेलपेंट आधी काढा. डोहाळजेवणाची गडद मेंदी नखांवर असेल, तरी आकडा चुकू शकतो.

खरी उणीव वेगळीच आहे: सावळ्या त्वचेवर आकडा थोडा जास्त दिसू शकतो. म्हणून ९७ दाखवत असलं तरी बोलताना धाप लागत असेल, तर दवाखाना गाठा.

नवजात बाळाला मात्र हा चिमटा लावू नका. नीट बसतच नाही. पोट उघडं ठेवून, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञाकडे न्या.