एपिपेन ज्युनिअर: पेन चांगलं, पण मात्रा विचारून घ्या

दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पोटात दाण्याचा कूट गेला, काही मिनिटांत त्याच्या अंगावर पित्त उठलं, आवाज घोगरा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर आमसुलाचं पाणी लावत किंवा सेट्रिझिन देऊन वाट पाहत बसू नका. सेट्रिझिनने खाज थांबते; घशाची सूज आणि घसरणारा रक्तदाब थांबत नाही. तिथे अ‍ॅड्रेनलीनच हवं, आणि ते घरच्या माणसाला देता यावं म्हणून एपिपेन ज्युनिअर हे आधीच औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन आहे. अमेरिकेतल्या मराठी पालकांना डॉक्टर अनेकदा हे लिहून देतात.

वापर खरोखर सोपा आहे. औषध भरायचं नाही, मोजायचं नाही. निळी टोपी सरळ वर ओढायची, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध ‘खट्’ होईपर्यंत दाबायचं, 3 सेकंद धरायचं. कपड्यावरूनही चालतं. पेन उचललं की नारिंगी आवरण पुढे येऊन सुई झाकतं. आत बरंच औषध उरलेलं दिसेल. घाबरू नका, 2 मिलीपैकी 0.3 मिलीच शरीरात जातं. उरलेलं पुन्हा वापरता येत नाही.

चुका होतात त्या हाताळताना. मुलाने पाय झटकला तर सुईने मांडी फाटू शकते, म्हणून आधी पाय घट्ट धरा. नारिंगी टोकावर अंगठा ठेवला तर औषध तुमच्याच अंगठ्यात जातं. निळी टोपी वाकवून किंवा पिळून काढली तर पेन अवेळी सुटू शकतं. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दल सावध केलं होतं. नवीन पेन आणल्यावर ते ठेवायच्या नळीतून अलगद बाहेर सरकतं का, हे पाहून घ्या. अडकत असेल तर बदलून मागा. सोबतच्या बिनसुईच्या सरावाच्या पेनावर आजी-आजोबांचाही हात बसू द्या.

खरी उणीव मात्रेत आहे. ज्युनिअरमध्ये 0.15 मिलिग्रॅम असतं आणि लेबलप्रमाणे ते 15 ते 30 किलोच्या मुलांसाठी आहे. गणित मात्र किलोमागे 0.01 मिलिग्रॅमचं. म्हणजे 28 किलोच्या मुलाला जवळपास निम्मंच औषध मिळतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना 25 किलोपासून 0.3 मिलिग्रॅमचं पेन सुचवते. मुलाचं वजन 25 च्या आसपास आलं की डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

साठवण 20 ते 25 अंश सेल्सिअसला. फ्रिज नको, उन्हात उभी केलेली गाडी तर नकोच. पेनाच्या खिडकीतून औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर नवीन घ्या. जोडीने मिळणारी दोन्ही पेनं कायम एकत्र ठेवा, एक शाळेत आणि एक घरी असं वाटू नका: 5 ते 15 मिनिटांत आराम पडला नाही तर दुसरं लागतं. मुलाला आडवं झोपवून पाय वर करा, धाप लागली असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी रुग्णालय गाठा, लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात.

सुट्टीत भारतात येताना दोन्ही पेनं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. इथे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे पेन सहज मिळत नाही. दवाखान्यात 1 मिलिग्रॅम प्रति मिलीचं अ‍ॅड्रेनलीनचं अ‍ॅम्प्युल (काचेची कुपी) असतं. 20 किलोच्या मुलाला त्यातलं 0.2 मिली, मांडीच्या स्नायूत. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108.