स्मार्ट वजनकाटा : काटा अचूक, तरी दोनच स्टार

माझी साखर काठावर आली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून हा काटा मागवला. काच जाड आहे, सेल बरोबर आले. ५ किलो पिठाची पिशवी कडेवर घेऊन उभा राहिलो, नेमके ५ वाढले. काट्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ॲपबद्दल. मी हौसेनं घरातल्या सगळ्यांची नावं घातली. धाकटा ८ वर्षांचा, २५ किलो, उंची १२६ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, १५.७. ॲप म्हणालं 'अंडरवेट'. पट्टी मोठ्या माणसांची, १८.५च्या खाली सगळेच रोडके! त्या वयाला हा आकडा अगदी नेहमीचा, हे कळेपर्यंत आईनं त्याच्या पोळीवर तुपाची धार वाढवली होती. आणि १२ वर्षांच्या लेकीपुढे नारिंगी पट्टा, 'बॉडी फॅट हाय'. आई तिला म्हणाली, "तू आता एकच घे गं." आम्ही हसलो. मीही हसलो.

नऊ आठवड्यांनी तिच्या नोंदी उघडल्या. एका रविवारी ११ वेळा वजन. सकाळी ६:१२ला ४१.३. ६:१९ला ४१.१. जेवणाआधी, जेवल्याबरोबर, मग रात्री ११:४०ला लागोपाठ दोनदा. काट्याशेजारी केसांच्या पिना पडलेल्या असायच्या, मी उचलून ठेवायचो. त्या कशासाठी काढल्या जातात ते तेव्हा उमगलं. डबा रिकामा यायचा, पण खायची मैत्रीण. सुरुवातीला ती ४४.२ होती.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला झोपवून आणि उभं करून नाडी-बीपी बघितलं, मग आयएपीच्या, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०१५च्या वाढीच्या तक्त्यावर ठिपके मांडले. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढायचीच, म्हणाल्या. आणि काटा पायांतून बारीकसा करंट सोडून जो टक्का सांगतो तो अंदाज असतो, अंगातल्या पाण्यावर हलतो. वाढत्या वयात ३ किलो उतरणं मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. समुपदेशक सुचवल्या. आता वजन फक्त दवाखान्यात, तेही आकड्याकडे पाठ करून. घरी जेवण सगळ्यांचं एकत्र, आणि कोणाच्या ताटात किती यावर आईसकट कोणी बोलायचं नाही. आईला हे फार जड जातंय.

माहितीपत्रक परवा भिंग घेऊन वाचलं. मागच्या पानावर तळाशी लिहिलंय, १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी चरबीचे आकडे धरू नयेत. मग वय १२ टाकल्यावर ॲपनं अडवलं का नाही? ब्रँडचं नाव घेत नाही, नावं घालणारा हात माझाच होता.

परत करायची मुदत टळलीय. शेजारच्यांना परदेशी जायच्या बॅगा तोलायला दिलाय. अजून मागितलेला नाही.