जुन्या ऑटोमॅटिकचं तेल कुठून गळतंय: यूव्ही डाय घ्यावा की पावडर मारावी?

सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर लाल डाग दिसला, बोटाला लावून बघितलं, इंजिन ऑइल नाही, कूलंट नाही, एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आहे, इथपर्यंत तुम्ही आलेले आहात असं धरून चालतो. लेव्हल कशी बघायची तेही माहीत असेलच. तरी जाता जाता सांगतो, टोयोटात इंजिन चालू ठेवून बघतात आणि जुन्या होंडात गरम करून बंद केल्यावर लगेच, मिनिट-दीड मिनिटात. होंडात चालू इंजिनावर बघितलं की लेव्हल कमी दिसते, माणूस वरून तेल ओततो, जास्तीचं तेल फेसाळून ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा सोडायची नळी) बाहेर येतं आणि मग नसलेला लीक शोधत बसायची वेळ येते. तेवढं आधी तपासा.

आता मुद्द्याचं. गॅरेजमध्ये गाडी पिटवर घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, चेंबरचं पॅकिंग गेलंय." त्यांचंही अगदी चुकत नाही, कारण चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, सगळ्यात खाली, तेल कुठूनही आलं तरी शेवटी जमा तिथेच होणार, आणि गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो म्हणून बहुतेक वेळा चेंबरचा मागचा कोपरा ओला दिसतो. पण वर सिलेक्टर शाफ्टचा (गिअर लिव्हरला जोडलेला दांडा) सील आहे, स्पीड सेन्सरची ओ-रिंग आहे, गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांचे जोड आहेत, डिपस्टिकच्या नळीची रिंग आहे, बाजूला ड्राइव्ह शाफ्टचे सील आहेत. यातलं काहीही गेलं असू शकतं. न शोधता पॅकिंग बदलणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गंमत म्हणजे जुन्या होंडा ऑटोमॅटिकला खाली खोलता येईल असा चेंबरच नसतो, नुसता ड्रेन बोल्ट असतो, आणि त्या गाडीखालीही मी हेच वाक्य ऐकलंय.

तर शोधायचे दोन रस्ते, दोन्ही मी माझ्या जुन्या जपानी सेडानवर करून बघितलेत. एक यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारा रंग, आणि दुसरा साफ धुऊन पावडर.

डायचं म्हणाल तर दिसायला भारी प्रकार आहे. तेलात मिसळणारा डाय डिपस्टिकच्या नळीतून ओतायचा, गाडी नेहमीसारखी काही दिवस वापरायची, मग अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्चने खालून बघायचं. जिथे तेल आलंय तिथे पोपटी-पिवळं चमकतं, आणि ज्या बारीक पाझरामुळे नुसती धूळ चिकटलेली दिसते तोही लख्ख दिसतो. हात जात नाही अशा फटीतही दिसतो. लीक इतका हळू असेल की पुठ्ठ्यावर आठवड्यात जेमतेम एखादा थेंब पडतोय, तर डायला तोड नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. अंधार मात्र खरंच अंधार लागतो, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा रात्रभर चालू असतो आणि त्या उजेडात अर्धी चमक मरते, शिवाय खाली आडवं पडल्यावर डास फोडून काढतात तो भाग वेगळाच.

पावडरमध्ये बघण्यासारखं काही नाही, आणि निम्म्याहून जास्त काम धुण्याचंच आहे. थंड गाडीवर डीग्रीझर मारायचा, ब्रशने घासायचं, बोल्टांच्या भोवती, रिबांच्या (केसिंगवरच्या उंच पट्ट्या) मधे, चेंबरच्या कडेला, सगळं. मग पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा, पूर्ण वाळलं पाहिजे. इलेक्ट्रिक कनेक्टरवर प्रेशरचं पाणी धरू नका. मग त्यावर पांढरा थर. साधी टाल्कम पावडर पातळ कापडात बांधून थापटली तरी चालते, पण ती वरच्या बाजूला बसते आणि उभ्या भिंतीवरून घसरते. त्यापेक्षा चांगली चीज वेल्डिंग आणि इन्स्पेक्शनचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, मी भोसरीतून आणली होती. वेल्डमधली तडा शोधायला डाय पेनेट्रंट टेस्ट करतात ना, त्या किटमधल्या डेव्हलपरचा स्प्रे. किट घ्यायची गरज नाही, डेव्हलपरचा डबा सुटा मिळतो. मारला की क्षणात वाळून खडूसारखा पांढरा पापुद्रा बसतो, उभ्या भागावरसुद्धा. फक्त त्यातलं सॉल्व्हंट पेट घेणारं असतं, त्यामुळे सायलेन्सर पूर्ण थंड असतानाच मारा, वाळू द्या, मगच गाडी चालू करा. आणि गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा नाहीतर पिट बघा.

खर्चात तसा जीव जाईल असा फरक नाही. डाय, टॉर्च आणि चष्मा मिळून पावडरपेक्षा महाग पडतं, पण ते साहित्य पुढे एसीला आणि इंजिनलाही कामी येतं (एसीचा डाय वेगळा घ्यावा लागतो). मेहनत म्हणाल तर पावडरला जास्त, धुण्यामुळे. त्यामुळे कागदावर मांडलं तर डायचं पारडं जड वाटतं आणि मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

माझं मत फिरलं ते एकाच कटकटीमुळे. डाय एकदा तेलात गेला की गेला, तो परत येत नाही. आमच्याकडे झालं असं की एका गॅरेजमध्ये डाय टाकून बघितला, मागचा कोपरा झगमगला, त्यांनी चेंबरचं पॅकिंग बदललं, पुसून दिलं, आठवड्याने परत टॉर्च मारला तर कोपरा पुन्हा झगमगतोय. आता हे नवीन तेल की जुनंच? बोल्टांच्या भोकात, पॅकिंगच्या काठाला, केसिंगच्या खडबडीत अंगात जुनं चमकणारं तेल शिरून बसलेलं असतं, ते पुसून निघत नाही आणि गरम झालं की ओघळून बाहेर येतं. मेकॅनिक म्हणे जुनं आहे, मी म्हणे नवीन आहे, आणि दोघांकडेही पुरावा नाही. बरं, तेल बदलून डाय काढावा म्हटलं तर ड्रेनमधून निम्म्याहूनही कमी तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा उघडबंद करणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांत राहतं, म्हणजे डाय पातळ होतो पण जात नाही. त्यात डाय ओतताना नळीच्या तोंडाशी थोडा जरी सांडला तर तो नळीवरून ओघळत नेमका गिअरबॉक्सच्या अंगावर येतो आणि त्यालाही टॉर्च लीक म्हणूनच दाखवतो. लीक सापडणं एक आणि लीक बंद झालाय याची खात्री होणं दुसरं. जुन्या गाडीत मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे दोन-दोन, तीन-तीन सील एकदम थकलेले असतात, एक बदलला की पुढचा कुठला ते बघावंच लागतं.

पावडरमध्ये हा वादच नाही. धुतलं, पुन्हा मारलं, कोरी पाटी. माझ्या गाडीत काय दिसलं ते सांगतो. संध्याकाळी पावडर मारून गाडी चांगली गरम केली, एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं तर सगळं पांढरं स्वच्छ, एक टिपकासुद्धा नाही. तशीच रात्रभर उभी ठेवली. सकाळी बघतो तर सिलेक्टर शाफ्ट जिथे केसिंगमध्ये शिरतो तिथून शिवणीच्या दोऱ्याएवढी लाल रेघ निघालेली, ती खालच्या रिबवर आडवी वळली, रिब संपल्यावर एका बोल्टच्या डोक्याला वळसा घालून खाली उतरली आणि थेट त्या मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. चेंबरची वरची कड, म्हणजे नवीन पॅकिंगची जागा, कोरडी ठणठणीत. मोबाइलवर फोटो काढला आणि मेकॅनिकपुढे धरला, चर्चा तिथेच संपली. सील बदलल्यावर पुन्हा धुऊन पुन्हा पावडर मारली आणि सकाळी सगळं पांढरंच होतं.

रात्रीच का गळत होतं, तर इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं काही तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी चढते, एरवी तेलाच्या वर असणारा सील तेलात बुडतो. कूलरच्या पाइपांचं उलटं असतं, तिथे प्रेशर इंजिन चालू असतानाच येतं, उभ्या गाडीत ते गप्प बसतात. म्हणून दोनदा बघायचं, एकदा गरम चालू इंजिनावर आणि एकदा सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी. ही वेळेची माहिती डाय देत नाही, तो फक्त सांगतो की तेल इथून कधीतरी गेलं होतं.

आता डायची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. पावसाळ्यात पावडरचं काही खरं नाही, आपल्याकडच्या जुलैत गाडी गेटबाहेर काढली की पहिल्याच डबक्यात सगळा थर धुऊन जातो. पत्र्याखाली उभ्या उभ्या जेवढं दिसेल तेवढंच, आणि फक्त चालत्या गाडीत, खड्ड्याच्या हादऱ्याने गळणारा लीक तसा दिसत नाही. दुसरं, बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही एटीएफच असतं, तेच लाल तेल, आणि स्टीअरिंग रॅक गिअरबॉक्सच्या आसपासच, तिथे फक्त गिअरबॉक्समध्ये डाय टाकला तर कुठलं कोणाचं हे लगेच कळतं. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सला मात्र डायची भानगड वाढते. मर्सिडीजच्या 722.6 ला नळी असते पण वर कुलूपबंद टोपण, गेज वर्कशॉपकडेच, आणि लेव्हल तेल 80 अंशांना असताना बघायची. त्याच गिअरबॉक्सला वायरिंगच्या 13 पिनांच्या कनेक्टरच्या ओ-रिंगा गळायची जुनी खोड आहे, तेल खाली येऊन चेंबरच्या कडेला दिसतं आणि वायरच्या आतून चढत कंट्रोल युनिटपर्यंतही जातं. तिथे डाय किंवा पावडर काहीही करायच्या आधी तो कनेक्टर काढून आत तेल आहे का बघणं सगळ्यात स्वस्त.

लीक बंद करणारी औषधं बाटलीत मिळतात, रबर फुगवून कडक झालेला सील थोडे दिवस धरतो, पण कुठून गळतंय हे कळायच्या आधी मी तरी ती ओतणार नाही. आणि डिपस्टिकवर तेल कमी होतंय पण खाली थेंबही नाही असं असेल तर दोन्ही सोडा आणि थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून बघा. कूलंटवर गुलाबी दुधाळ मलई दिसली तर तेल रेडिएटरमधल्या कूलरमधून आत जातंय. तशी गाडी चालवत राहू नका, कारण पाणी गिअरबॉक्समध्येही जात असतं आणि क्लचच्या प्लेटा खराब होतात.

एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः डायच निवडेन. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल येत असेल तर आत पावडर मारताच येत नाही, आणि जुनं काळपट एटीएफ आणि इंजिन ऑइल तिथे फिरत्या कन्व्हर्टरमुळे एक होऊन येतं, रंगावरून काही कळत नाही. डाय फक्त गिअरबॉक्समध्ये टाका, चमकलं तर गिअरबॉक्सच्या पंपाचा सील, नाही चमकलं तर बहुतेक इंजिनच्या क्रँकचा मागचा सील. अर्थात दोन्हीला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा उतरवलाच आहे तर दोन्ही सील बदलून घ्या, मजुरीपुढे सीलची किंमत काहीच नाही.