ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: थ्रॉटल सेन्सरचा फॉल्ट शोधायला किती कामाचा?

ऑनलाइन सहा-सातशे रुपयांना मिळणारा निळा ईएलएम ३२७ डोंगल मी घेतला. गाडीच्या सॉकेटला लावला की तिच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड मोबाईलवर दाखवणारा हा छोटा ओबीडी स्कॅनर. खोक्यावर लिहिलंय, 'गाडीचे सगळे प्रॉब्लेम आता मोबाईलवर'. सगळे बिगळे काही नाही. तरी पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, कारण थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या (इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, किती उघडी आहे ते सांगणारा सेन्सर) ज्या भानगडीसाठी घेतला होता, तिथे त्याने अर्धं काम चोख केलं. उरलेलं अर्धं व्होल्टेज मोजायच्या माझ्या जुन्या मीटरने केलं.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लँटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. ट्रान्समीटर, जंक्शन बॉक्स आणि केबल ट्रे यांच्यातच नोकरी गेली. त्यामुळे कुणी 'सेन्सर बदला' म्हटलं की मी आधी विचारतो, वायर तपासली का?

गाडी पुतण्याची. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. तो राहतो कोपरखैरण्याला, ऑफिस बेलापूरला, म्हणजे रोजचा पाम बीच रोड. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष मॉडेलचा नव्हताच. पाऊस सुरू झाल्यापासून गाडीला एक खोड लागली. सानपाडा सोडून जरा स्पीड घेतला की मध्येच पिकअप मरायचा, चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि एक्सलेटर तळाला टेकवला तरी गाडी रांगायची. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालायचे ते वेगळंच. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी परत शहाण्यासारखी. सर्व्हिस सेंटरने 'थ्रॉटल बॉडी गेली' (म्हणजे झडप, मोटर, सेन्सर असं अख्खं युनिट) असं सांगून लेबरसकट १९ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. त्याआधी नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने तीनशे रुपये घेऊन नुसता कोड उडवून दिला होता.

हे कोड उडवणं मला अजिबात पटत नाही. कोड पडतो त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर सगळी परिस्थिती टिपून ठेवतो: स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि हातातला पुरावा जातो. म्हणून दिवा पुन्हा लागल्यावर पुतण्याला बजावलं, 'आता कुणालाही हात लावू देऊ नकोस, गाडी सरळ माझ्याकडे आण.'

डोंगल लावायला काही अक्कल लागत नाही. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे कोड वाचायची ठरलेली पद्धत, आहेच, त्यामुळे २०१५ च्या गाडीत प्रश्न आला नाही. चावी ऑन, ब्लूटूथ जोडलं, पिन १२३४, अ‍ॅप उघडलं. पहिल्या झटक्यात जोडला गेला, त्याचे मार्क देतो.

कोड निघाला पी-२१३५. फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड ५८, आरपीएम १९०० च्या आसपास, कूलंट ८८ अंश. म्हणजे गाडी गरम, रस्त्यावर, चालती असतानाच फॉल्ट येतोय. एवढी माहिती सातशे रुपयांत मिळत असेल तर तक्रार नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, कोड थ्रॉटलचाच आहे ना? मग बदलून टाकूया."

"अरे, कोड फक्त म्हणतोय की दोन आकडे जुळत नाहीत. का जुळत नाहीत ते त्याला कुठे ठाऊक?"

इथे थोडं समजून घ्यायला हवं. जुन्या, केबलच्या थ्रॉटलला एकच सेन्सर असायचा. त्याला तीन वायरी: पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. आताच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये एकाच झडपेवर दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत झडप उघडताना एकाचा व्होल्टेज चढतो, दुसऱ्याचा उतरतो. काहींत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या दराने. कॉम्प्युटर सतत ताळा करत असतो. ताळा चुकला की पी-२१३५, आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे जपून रांगत चालायच्या अवस्थेत. एका सेन्सरचा सिग्नल फार खाली गेला तर पी-०१२२, फार वर गेला तर पी-०१२३, मधूनच तुटत असेल तर पी-०१२४.

सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत फिरतो. शून्य ते पाच का नाही? आमच्या प्लँटमध्ये सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर चालायचा, त्याचंच हे भावंड. 'बंद' या स्थितीलाही काहीतरी सिग्नल हवा, म्हणजे शून्य आला की वायर तुटली हे लगेच कळतं. हे माहीत नसलं की अ‍ॅपवर लोक घाबरतात. पाय एक्सलेटरवर नाही आणि स्क्रीनवर थ्रॉटल १५ टक्के? फॉल्ट नाही तो. पाचापैकी पाऊण व्होल्ट म्हणजे १५ टक्केच होतात. पूर्ण उघडल्यावरही शंभर दिसेलच असं नाही.

आता डोंगल कमी कुठे पडला ते सांगतो. अ‍ॅपमध्ये थ्रॉटलचा ग्राफ लावला, गाडी पाम बीचवर नेली, पुतण्या चालवतोय आणि मी बघतोय. फॉल्ट आला, दिवा लागला, आणि ग्राफवर काहीच नाही! रेघ आपली सुतासारखी सरळ. हा डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणतो, आणि स्क्रीनवर आठ-दहा गोष्टी लावल्या की त्याहून कमी. सिग्नल क्षणभर तुटून परत आला तर कॉम्प्युटरला दिसतं, डोंगलला नाही. म्हणून ग्राफ लावायचाच असेल तर थ्रॉटल आणि आरपीएम एवढेच ठेवा. आणि 'ग्राफ चांगला, म्हणजे सेन्सर चांगला' हा निष्कर्ष काढू नका.

शेवटी मीटर काढला. डिजिटल आहेच, पण असल्या कामाला मी जुना सान्वाचा काट्याचा मीटरही बाहेर काढतो. काटा थरथरला की डोळ्याला दिसतं, आकडे मात्र उड्या मारत बसतात.

कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, न काढता, मागच्या बाजूने रबर सीलमधून बारीक पिन सरकवली. वायरीचं इन्शुलेशन टोचून बघायची सवय बऱ्याच वायरमनना असते, ती मला चालत नाही. त्याच भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. आणि चावी ऑन असताना थ्रॉटलच्या तोंडात बोट घालू नका. झडपेला मोटर आहे, ती बोट ओळखत नाही.

सप्लाय ४.९८ व्होल्ट, बरोबर. तो मिळाला नसता तर आधी त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक काढून बघितले असते. पाच व्होल्टची लाइन बहुतेक वेळा वाटून दिलेली असते, एखादा शॉर्ट झाला की सगळ्यांनाच खाली ओढतो. सिग्नल एक ०.७४, सिग्नल दोन ४.२४. या गाडीत दोघांची बेरीज सप्लायएवढी यायला हवी, तशी आली. मग अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मीटर लावला. पन्नास मिलिव्होल्टच्याही खाली, तेही चांगलं. आतापर्यंत सगळं शहाणं.

मग पुतण्याला सांगितलं, वायरिंगचा गठ्ठा कपलरपासून मागे मागे हलवत जा. बॅटरीच्या ट्रेखाली त्याचा हात गेला आणि काटा उडाला. अर्थवर ०.३६ व्होल्ट. तसाच धरून ठेवायला लावला आणि सिग्नल मोजले: एक १.०५, दोन ४.२९. पहिला ०.३१ ने चढला, दुसरा जेमतेम ०.०५ ने. बेरीज ५.३४. अर्थच वर उचलला गेल्यावर ताळा जुळणार कसा? थ्रॉटल बॉडी एकदम निर्दोष, आणि १९ हजार मात्र तिच्या नावावर.

ट्रे काढला. टेप उसवली तर अर्थची वायर उंदराने कुरतडलेली, इन्शुलेशन नखाएवढं गायब, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, दोनच धागे कसेबसे धरून. अशा वायरीला कंटिन्युटी (वायर सलग आहे का ते बघायची चाचणी) लावा, मीटर हमखास बीप करेल. एक धागा शाबूत असला तरी बीप होतंच. म्हणून करंट चालू असताना व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत किती व्होल्ट खर्ची पडतात ते, बघायचा, आणि वायर हलवत बघायचा. उंदरांचं नवल नाही. पुतण्याच्या सोसायटीमागे होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवायचं तळं) आहे, पावसात तिथलं सगळं गणगोत पार्किंगमध्ये उबेला येतं.

खराब तुकडा कापला, नवीन वायर डाख देऊन जोडली, वर स्लीव्ह, त्यावर रिब्ड पाइप. नुसता पीळ मारून टेप गुंडाळणं इंजिनजवळ टिकत नाही. सामान दीडशेच्या आत. मग डोंगलनेच कोड पुसला. पावसाळा संपत आला, दिवा परत लागलेला नाही.

आता डोंगलच्या उणिवा. थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा बदलली तर बऱ्याच गाड्यांत आयडलचं रीलर्निंग करावं लागतं, म्हणजे पाय एक्सलेटरवर नसताना झडप किती उघडी ठेवायची ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं. ते या फुकट अ‍ॅपमधून झालं नाही, त्यासाठी कंपनीचा किंवा चांगल्या गॅरेजचा स्कॅनर लागतो. एबीएस, एअरबॅगचे कोड दिसत नाहीत. सॉकेटला बारा व्होल्ट कायम चालू असतात, त्यामुळे डोंगल लावून ठेवला तर आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी खातो. काम झालं की काढा.

दुसरं म्हणजे, बाजारातले बहुतेक सगळे डोंगल मूळ चिपच्या नकला आहेत. चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीला कॉपी प्रोटेक्शन नव्हतं, मग काय, घरोघरी ईएलएम. खोक्यावर २.१ लिहिलेल्यांतले बरेचसे काही कमांड ओळखतच नाहीत. त्यामुळे एकाच फोटोखालचे दोन डोंगल वेगळे वागू शकतात. माझा बरा निघाला, तुमचा निघेलच याची हमी देत नाही. रिटर्न पॉलिसी असलेल्या ठिकाणीच घ्या.

आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथचा घेऊ नये, जोडलाच जाणार नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा मागवा, थोडा महाग पडतो.

पाचपैकी साडेतीन. घरी मीटर असेल आणि तो धरता येत असेल तर चार.