एएम४ बोर्ड ठेवावा की एएम५वर जावं? गेमिंग-स्ट्रीमिंगसाठी प्रोसेसर निवडताना

एरवी गेम झकास चालतो, पण यूट्यूबवर लाइव्ह गेलं की अडखळायला लागतो. मग 'प्रोसेसर जुना झाला' म्हणत दुकानाची वाट धरली जाते. त्याआधी ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधला स्टॅट्सचा डॉक (आकड्यांची खिडकी) उघडा आणि स्ट्रीम चालू ठेवून थोडा वेळ खेळा. फ्रेम गळण्याचे तीन वेगळे आकडे तिथे दिसतात. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे. गेमला फ्रेमची मर्यादा घातली की तो बऱ्याचदा उतरतो. नेटवर्कमुळे गळणाऱ्या फ्रेम वाढत असतील तर इंटरनेटचा प्रश्न आहे, त्यावर कोणताही प्रोसेसर इलाज नाही. एन्कोडिंग (स्ट्रीमसाठी व्हिडिओ दाबून लहान करणं) लॅग वाढतोय आणि एन्कोडर म्हणून प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ निवडलेला आहे, तर मात्र भार प्रोसेसरवरच पडतोय. आणखी एक खूण आहे: ओबीएसचे तिन्ही आकडे ठीक आहेत, पण गेमचेच फ्रेम पडतात आणि त्या वेळी ग्राफिक्स कार्ड अर्धंमुर्धं रिकामं बसलेलं असतं. तेव्हाही प्रोसेसरच कमी पडतोय असं समजा.

माझं ठाम मत असं, की स्ट्रीम कोण एन्कोड करणार हे आधी ठरवा, प्रोसेसर त्यानंतर. एनव्हिडियाच्या १६६० किंवा आरटीएक्स कार्डात एनव्हेंक नावाचा स्वतंत्र एन्कोडर असतो. ट्विच-यूट्यूबच्या नेहमीच्या बिटरेटला तो एक्स२६४च्या 'व्हेरीफास्ट' या सेटिंगपेक्षा सरस चित्र देतो आणि प्रोसेसरला जवळपास हात लावत नाही. १६५०च्या सुरुवातीच्या कार्डांत मात्र जुन्या पिढीचा एन्कोडर आहे. रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोन कार्डांत तर एन्कोडरच नाही. स्वस्तात मिळतात म्हणून ती घेतली जातात आणि लाइव्ह जाताना सगळा बोजा प्रोसेसरवर येतो.

आता माझ्या ओळखीतल्या पोरांकडे सर्रास दिसणारा पीसी धरू: बी४५० बोर्ड (एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेचा), रायझन ५ २६०० किंवा ३६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि १६६० सुपर. इथून पुढे रस्ते चार.

पहिला रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, बॉक्समध्ये कूलर. एनव्हेंकवर स्ट्रीम करणाऱ्याला हा पुरतो. २६००वरून आलात तर फरक पहिल्याच मॅचला जाणवेल.

दुसरा रायझन ७ ५७००एक्स. आठ कोअर, सोळा थ्रेड आणि टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरलेला आकडा, तोच ६५ वॅट. कूलर वेगळा घ्यावा लागतो. गेमसोबत डिस्कॉर्ड, ब्राउझरमधला चॅट, अलर्ट आणि रेकॉर्डिंग हे सगळं एकाच मशीनवर चालवायचं असेल तर हे जादा दोन कोअर कामी येतात. एक्स२६४ वापरणं भागच असेल तर ५६००कडे बघूच नका, हाच घ्या.

तिसरा ५७००एक्स३डी. कोअर तितकेच, पण एल३ कॅश ३२ऐवजी ९६ एमबी. गेमला लागणारा बराचसा डेटा चिपवरच राहतो आणि रॅमकडे जावं लागत नाही. काउंटर-स्ट्राइक २सारख्या गेममध्ये त्यामुळे फ्रेम वाढतात, आणि माझ्या मते त्याहून मोलाचं म्हणजे मधले झटके कमी होतात. उलट कमाल क्लॉक (वेग) ४.१ गिगाहर्ट्झ, ५७००एक्सचा ४.६. म्हणून निव्वळ एन्कोडिंगमध्ये साधा ५७००एक्सच थोडा पुढे राहतो. १६६० सुपरवर जड ग्राफिक्सचे गेम खेळणाऱ्याला एवढ्या कॅशचा फायदा फारसा दिसणारच नाही, कारण तिथे आधी कार्ड दमतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि तगडं कार्ड असेल तरच जादा पैसे मोजा.

चौथा रस्ता एएम५चा, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचा: रायझन ५ ७६००. गेमिंगमध्ये तो ५७००एक्सच्या स्पष्ट पुढे आहे आणि सहाच कोअर असूनही एन्कोडिंगमध्ये साधारण त्याच्या बरोबरीला येतो. एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय, त्यामुळे उद्या त्याच बोर्डवर एक्स३डी चढवता येईल. पण बोर्ड नवा, रॅमही नवी, कारण एएम५वर डीडीआर४ चालतच नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की प्रोसेसरच्या किमतीवरून या रस्त्याचा अंदाज बांधला तर फसायला होतं. तिन्ही वस्तूंची बेरीज मांडा, मग बोला.

इंटेलचं थोडक्यात सांगतो. बोर्ड आधीच इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा असेल तर आय५-१४६००के हा जोरदार पर्याय आहे, वीस थ्रेड मिळतात. मात्र १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये अस्थिरतेची अडचण निघाली होती आणि २०२४मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे अपडेट दिले. ते अपडेट असलेला बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय अशी चिप चालवू नका, आणि सेकंडहँड तर अजिबात घेऊ नका. ६५०० एक्सटीवाल्यांनी साधा आय५-१२४०० बघावा. त्यातल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक हा इंटेलचा एन्कोडर आहे, स्ट्रीम त्यावर टाकता येतो. नावापुढे 'एफ' असलेल्या चिपमध्ये ते नसतं.

आपल्याकडे उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचं तापमानही चढतं, त्यामुळे जानेवारीत ७० अंशांवर चालणारी मशीन मेमध्ये ८५ गाठते. ६५ वॅटचा ५६०० किंवा ५७००एक्स जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो, १४६००केची मर्यादा १८१ वॅट आहे. बिनएसीच्या खोलीत तासन् तास लाइव्ह बसणाऱ्याला हा फरक कळतो. ५७००एक्स३डीमध्ये मूळ चिपच्या वर कॅशचा जादा थर असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, त्याला चांगला टॉवर कूलर द्याच. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालत असतील तर कूलरचा फॅन एकदा काढून बघा. कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये गादीसारखे दाटून बसलेले असतात आणि हवा आरपार जातच नाही. वरून फुंकर मारून ते निघत नाहीत, फॅन सोडवून ब्रशने काढावे लागतात. एवढ्या सफाईने कधी कधी प्रोसेसर बदलण्याची घाई उरत नाही.

तेव्हा वर धरलेल्या पीसीसाठी माझं मत ५७००एक्सला. हात आखडता असेल तर ५६००, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला टाका. एएम५ त्यानेच घ्यावा, ज्याचा बोर्ड गेलाय किंवा जो पुढची काही वर्षं याच कामात उतरणार आहे.

बदलताना क्रम चुकवू नका. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी तपासा आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा, तेही यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, चिप बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. एएम४चा कूलर थंड मशीनवरून हिसकून ओढू नका. पेस्ट वाळलेली असते आणि लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवा, मशीन बंद करून प्लग काढा, कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि सैल झाला की सरळ वर उचला. बायोस अपडेटनंतर रॅमचं एक्सएमपी (रॅमच्या पूर्ण वेगाचं) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाच्या सुरक्षेचं) ही दोन्ही सेटिंग परत तपासा. विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडायला नकार देत असेल तर बहुधा सिक्युअर बूट किंवा टीपीएम (सुरक्षेची चिप) बंद पडलेलं असतं.