परदेशी कार्डावरची ऑर्डर आणि आमचे 89,660 रुपये

आमची देवगडला हापूसची बाग आहे. आंबा आणि काजूगर आम्ही आमच्याच वेबसाइटवरून विकतो. यंदा चोरीच्या कार्डांवर आमचे 89,660 रुपये गेले. 12 पेट्या, पेटीला 4,200 प्रमाणे 50,400. काजूगर 30 किलो, 1,150 च्या दराने 34,500. ट्रॅव्हल्सचं भाडं 2,400. आणि दोन चार्जबॅकची (कार्डवाल्याच्या तक्रारीवरून पैसे आमच्याकडून परत ओढले जाणं) गेटवेने, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने, कापलेली फी 2,360. माल आमचा गेला आणि दंडही आम्हालाच!

एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. "ताई, दुबईहून बोलतोय. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, पाहुण्यांना पेट्या द्यायच्यात." असे फोन आम्हाला दर मोसमात येतात आणि ते खरेच असतात. परदेशातली मुलं घरच्यांसाठी आंबा मागवतात, त्यावर तर आमचा निम्मा धंदा चालतो.

पेमेंट आलं. गेटवेच्या डॅशबोर्डवर सगळं समोर होतं: आधी तीन कार्डं नाकारली गेलेली, तिन्हींवर वेगवेगळी नावं, काही मिनिटांत चौथं चाललं. माणूस दुबईचा आणि कार्ड अमेरिकेतल्या बँकेचं. तिथेच माल थांबायला हवा होता. नाकारलेल्या कार्डांची ती ओळ आठवली की अजून अंगाची आग होते. पण एप्रिलच्या त्या आठवड्यात काढणी चालू, अढीतला आंबा पिकत आलेला, पेट्या भरायला माणसं कमी. अशा वेळी नाकारलेली पेमेंट कोण वाचत बसतं? हिरवी खूण दिसली, पैसे बँकेत जमा झाले, आम्ही माल भरला. मग त्याने पत्ता बदलला. "ठाण्याला नको, कळंबोलीला बसवर माणूस येईल." दोन दिवसांनी त्याच नंबरवरून काजूगरांची ऑर्डर, कार्ड तिसऱ्याच नावाचं. पैसे भरल्यावर पत्ता बदलणारं गिऱ्हाईक दिसलं की माल हलवू नका, मग ते कितीही गोड बोलो.

जुलैत दोन्ही रकमा खात्यातून वळत्या झाल्या. खऱ्या कार्डवाल्याने तिकडे तक्रार केली होती, आणि त्यासाठी त्याला साधारण 120 दिवस मिळतात. तोवर आमचे पैसे मजुरी आणि खतात गेलेले. गेटवेने माल पोचल्याचा पुरावा मागितला तेव्हा आमच्याकडे ट्रॅव्हल्सची चिठ्ठी होती, घेणाऱ्याची सही नव्हती. चिठ्ठी चालली नाही. मोठी ऑर्डर सही घेणाऱ्या कुरिअरनेच पाठवा, भाडं जास्त पडलं तरी.

आपल्या कार्डांना ओटीपी लागतो. परदेशी बँकांच्या बऱ्याच कार्डांना नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू करून देणाऱ्याने हे सांगितलं नाही, "एनआरआय गिऱ्हाईक वाढेल" एवढंच सांगितलं. थ्री-डी सिक्युअरने, म्हणजे पेमेंटच्या वेळी बँक ओटीपीसारखी खात्री करते त्या पद्धतीने, कार्डवाल्याची पडताळणी झालेली असेल, तर अशा फसवणुकीची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. ती झालेली नसेल तर ती आपल्या गळ्यात. हेही आम्हाला पैसे गेल्यावर कळलं.

बँकेत गेले तर "गेटवेला विचारा". गेटवेला लिहिलं तर तेच ठरावीक ईमेल, माणूस फोनवर येतच नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे कोणत्या खात्यात पाठवले हाच प्रश्न. अहो, मी पाठवले नाहीत, माझे काढून घेतले! पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "कार्ड तुमचं नाही, मग फिर्यादी तुम्ही कशा?" बारा पेट्या आंबा आणि तीस किलो काजूगर कोणाचे होते मग? त्या माणसाचा नंबर, बसची वेळ, उतरवल्याची जागा, सगळं लिहून दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ग्राहकासाठी नियम केला: त्याची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. चांगलंच केलं. पण ज्याने प्रामाणिकपणे माल पाठवला त्याने कोणाचं दार ठोठवायचं?

परदेशी कार्डं लागत नसतील तर बंद करून टाका. लागत असतील तर पडताळणीशिवायचं पेमेंट घेऊ नका आणि तसं गेटवेकडून लेखी घ्या. एकाच नंबरवरून दोन नावांची कार्डं आली तर पैसे त्याच कार्डावर परत करा. "यूपीआयवर परत टाका" म्हणाला तर अजिबात नाही, त्यात दुप्पट जातं: यूपीआयवर टाकलेलेही जातात आणि चार्जबॅकने कार्डाचेही.

आता गेटवे आमच्या प्रत्येक जमेतले 10 टक्के राखून ठेवतोय, आम्हीच धोक्याचे म्हणून. असा चार्जबॅक कोणी जिंकला असेल तर कोणती कागदपत्रं दिली ते सांगा. काजूगरांच्या रकमेसाठी मी अजून भांडतेय.