कानामागचं, रिसीव्हरवालं की कानाच्या आतलं? श्रवणयंत्र निवडताना

"ऐकू येतं, पण नीट कळत नाही" अशी तक्रार असेल, तर बहुधा वरच्या फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे उंच पट्टीचे, आवाज गेलेले असतात. स्वरांचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तर स, त, ठ यांचा वरच्या. म्हणून 'सात' म्हटलं की 'साठ' ऐकू जातं. समोरच्याने ओरडून फरक पडत नाही, कारण ओरडताना मोठा होतो तो 'आ'. 'त' होता तिथेच राहतो.

ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) हातात आला की आधी दोन आकडे बघा: ५०० हर्ट्‌झला किती डेसिबल आणि ४००० हर्ट्‌झला किती. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. यंत्राचा प्रकार बराचसा तिथेच ठरतो.

५०० ला कान चांगला आणि ४००० ला घसरलेला असेल, तर रिसीव्हरवालं यंत्र (आरआयसी) घ्यावं. त्याचा मुख्य भाग कानामागे, बारीक वायर आणि स्पीकर (यालाच रिसीव्हर म्हणतात) कानाच्या नळीत. टोकाला भोकं असलेला सिलिकॉनचा डोम बसतो, त्यामुळे नळी मोकळी राहते आणि स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमत नाही. ऐकणं आणखी कमी झालं तर बऱ्याच मॉडेलमध्ये नुसता जास्त ताकदीचा रिसीव्हर बदलून भागतं. दुखणं एकच: स्पीकर मळाच्या वाटेवर बसलेला असतो. यंत्र 'बंद पडलं' म्हणून येणाऱ्यांत मळ अडवणारी जाळी तुंबलेली निघणं नेहमीचंच. जाळी घरी बदलता येते.

दोन्हीकडे कान घसरलेला असेल, तर मोकळा डोम उपयोगाचा नाही. खालचे आवाज त्याच्या भोकांतून बाहेर निसटतात. तिथे मोल्डवालं, पूर्ण कानामागचं यंत्र (बीटीई). मोल्ड म्हणजे कानात घट्ट बसणारा साचा; तो कानाचं माप घेऊन बनतो, ताकद भरपूर मिळते, स्पीकर मळापासून लांब राहतो. लहान मुलांनाही हेच: कान वाढला की मोल्ड नवा, यंत्र तेच. यंत्र आणि मोल्ड जोडणारी नळी मात्र काही महिन्यांत कडक होते, ती बदलून घ्यावी. घामाचा थेंब नळीत अडकला तरी आवाज गायब होतो. मोल्ड यंत्रापासून सोडवून रबरी ब्लोअरने फुंकला की परत येतो. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड सैल झालाय, नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे.

कानाच्या आत लपणारं (सीआयसी) बहुतेकांना दिसत नाही म्हणून हवं असतं. आमच्या मते हे कारण पुरेसं नाही. जागा कमी म्हणून साधारणपणे माइक एकच, त्यामुळे गोंगाटात समोरच्याचा आवाज वेगळा काढायला मदत कमी. कान वाहत असेल तर नकोच.

बोटांची परीक्षाही घ्या. सीआयसीत बसणारा १० नंबरचा सेल ५.८ मिलिमीटर रुंद, ताकदवान बीटीईतला ६७५ नंबरचा ११.६. थरथरत्या हाताला हा फरक फार मोठा असतो. दुकानातच, कुणाची मदत न घेता, सेल काढून परत घालून बघा. नाही जमलं तर चार्जिंगचं घ्या. ते रोज रात्री लावावं लागतं आणि काही वर्षांनी त्याची बॅटरी थकते. सेलवाल्या यंत्रात झिंक-एअर सेल असतो; त्याचा स्टिकर काढला की तो हवेवर चालू होतो. मिनिटभर थांबून मगच घाला. स्टिकर परत चिकटवून तो वाचत नाही. घरात लहान मूल असेल तर सेल त्याच्या हाती लागता कामा नये. गिळला गेला तर ताबडतोब दवाखाना.

एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. औषधाचा उपयोग होण्याची मुदत थोडी असते. आणि कान फारच गेलेला असून ताकदवान बीटीई नीट बसवूनही शब्द कळत नसतील, तर आणखी महागडं यंत्र घेण्याआधी कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने बसवायचं, ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं उपकरण) तपासणी करून घ्यावी.